घरचा लॅपटॉप लिनक्सवर न्यायचाय? आधी जुनी डिस्क कपाटात ठेवा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. २०१५-१६ साली घेतलेला, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉप त्या यादीत बसत नाही. असे लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेले, आता आई-बाबांच्या टेबलावर आलेले. ते भंगारात देण्याचं काहीही कारण नाही.

अशी बरीच मशीन मी लिनक्सवर नेली आहेत आणि जिथे जिथे गडबड झाली तिथे कारण घाई हेच होतं. २०१३ च्या दिवाळीत बहिणीच्या कॉम्प्युटरवर मी स्वतः तेच केलं. फक्त सी ड्राइव्ह पुसतोय अशी माझी समजूत होती, पुसली गेली अख्खी डिस्क. डी ड्राइव्हमध्ये तिच्या बाळाचे पहिल्या वर्षाचे फोटो होते. काही नातेवाइकांच्या मोबाइलमधून परत मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून मी एक क्रम ठरवला आणि तो कधी मोडला नाही. पुढे लिहितोय तो हाच क्रम. एका रविवारी सगळं उरकायला जाऊ नका, तीन आठवडे द्या.

कुठलं लिनक्स घ्यायचं

लिनक्स हे खरं तर गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं नाव. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं. त्या गाभ्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, सेटिंग्ज असं सगळं रचून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत. नवखा माणूस त्यांची तुलना करण्यातच महिना घालवतो आणि शेवटी काहीच टाकत नाही.

माझं उत्तर एकच असतं, लिनक्स मिंट. ते २००६ पासून आहे, उबुंटूच्या पायावर उभं आहे आणि मोफत आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय, अशी त्याची मांडणी आहे. एमएस-सीआयटी करून कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला त्यात पहिल्या दिवशी वाट सापडते. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तुमच्याकडे ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. दिसायला एक्सएफसीई थोडी साधी आहे, पण जुन्या मशीनवर ती पळते आणि शेवटी तेच हवं असतं.

पहिले दोन आठवडे विंडोजमध्येच

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सिस्टिम बदलण्याआधी प्रोग्रॅम बदला. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी, मेलसाठी थंडरबर्ड, फोटोंसाठी गिंप हे सगळे विंडोजवरही चालतात. आजच टाका आणि दोन आठवडे रोजचं काम त्यांच्यातच करा. सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून पाहा. मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट, लग्नासाठीचा बायोडेटा, बँकेला लिहिलेले अर्ज रायटरमध्ये उघडा. साध्या फाइली जशाच्या तशा येतील. भरपूर चौकटी आणि रकाने असलेल्या फाइलींची मांडणी थोडी हलेल. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिलेले असतील तर त्यातले काही चालतील, काही अडतील. हे सगळं विंडोज हाताशी असतानाच कळलेलं बरं. नाही तर आपल्याला त्रास एका नव्या प्रोग्रॅमचा होत असतो आणि आपण नाव ठेवतो लिनक्सला.

याच काळात एक कागद घ्या आणि कॉम्प्युटरवर खरोखर काय काय करता ते लिहून काढा. बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, आधार ओटीपीने भरायचं प्राप्तिकराचं विवरणपत्र ही सगळी ब्राउझरमधली कामं आहेत, ती होतात. झूमची लिनक्स आवृत्ती मिळते, क्रोमचीही मिळते. अडतं ते पुढच्या ठिकाणी. टॅली विंडोजसाठीच आहे. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ लिनक्सवर नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस फक्त ब्राउझरमधून वापरता येतं. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरून टेंडर किंवा कंपनीचे फॉर्म भरत असाल तर त्या टोकनाची आणि सरकारी पोर्टलची जुळणी सहसा विंडोज गृहीत धरूनच केलेली असते. व्हॅलोरंटसारखे, स्वतःचा अँटी-चीट सिस्टिमच्या पोटात बसवणारे खेळ चालत नाहीत. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ खेळ मात्र चालतात.

यादीत टॅली किंवा डिजिटल सही रोजची असेल तर त्या मशीनला हात लावू नका. हे मी मनापासून सांगतोय. वाइनमध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघू म्हणत ज्याचा धंदा त्या मशीनवर आहे त्याने मार्च महिन्यात प्रयोग करायचे नसतात. घरातलं दुसरं मशीन घ्या.

डेटा बाहेर काढा

बाहेरच्या हार्डडिस्कवर फोटो, कागदपत्रं, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप कॉपी करा. डेस्कटॉप आठवणीने करा, कारण निम्म्या लोकांच्या महत्त्वाच्या फाइली तिथेच पडलेल्या असतात. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फोटो आणि दोन पीडीएफ उघडून बघा. उघडून पाहिलेला नाही तो बॅकअप नव्हे.

ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी सिंक करून ठेवा. मेल आउटलुकमध्ये असेल आणि पीएसटी फाइलीत साठत असेल, तर ती थंडरबर्डमध्ये विंडोजवर असतानाच आयात करा. त्या आयातीला आउटलुक लागतं आणि लिनक्सवर आउटलुक नसेल.

आता दोन गोष्टी अशा, ज्या लोकांना माहीत नसतात आणि नंतर रडवतात. पहिली बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपल्याला न विचारता एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली असू शकते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. चालू असेल तर ते बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, काही तास लागू शकतात. आमच्या शेजारी एका काकांच्या लॅपटॉपवर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक सेटिंग बदललं, तर विंडोजने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती त्यांच्या मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती आणि मुलगा परदेशात झोपलेला होता. ती रात्र मला अजून आठवते.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. हे चालू असलं की 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा डिस्कवर लिनक्सला लिहिता येत नाही, कधी कधी ती उघडतही नाही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सवर जा, पॉवर बटणाच्या सेटिंग्जमध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढा, मग मशीन एकदा नीट बंद करा.

नवी एसएसडी घ्या, जुनी डिस्क काढून ठेवा

बहुतेक ठिकाणी सांगतात की डिस्कचे दोन भाग करा, एकीकडे विंडोज, दुसरीकडे लिनक्स. तेही होतं. पण घरच्या जुन्या लॅपटॉपसाठी माझा सल्ला वेगळा आहे. २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, विकत घ्या, जुनी फिरणारी हार्डडिस्क बाहेर काढा आणि तिच्या जागी ही बसवा.

यात दोन फायदे आहेत. जुन्या लॅपटॉपच्या रडतखडत चालण्याचं मोठं कारण ती फिरणारी डिस्कच असते. त्याच मशीनला एसएसडी लावली की सुरू व्हायला लागणारी मिनिटं काही सेकंदांवर येतात, मग सिस्टिम कोणतीही असो. दुसरा फायदा त्याहून मोठा. तुमचं विंडोज, त्यातल्या फाइली, प्रोग्रॅम, सगळं त्या जुन्या डिस्कवर जसंच्या तसं कपाटात पडून राहतं. काही फसलं तर चार स्क्रू काढून परत बसवायची. इन्स्टॉल करताना चुकीचा भाग पुसला जाण्याची भीतीच उरत नाही, कारण मशीनमध्ये पुसण्यासारखं काही नसतंच.

पाठीमागचं झाकण स्वतः उघडायची सवय नसेल तर जवळच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जा. काम थोड्या वेळाचं आहे. तिथे सांगा की डिस्क फक्त बदलायची आहे, जुनी मला परत द्यायची आहे आणि नवीवर काहीही टाकायचं नाही. जुन्या डिस्कसाठी २.५ इंची यूएसबी केसिंग तिथेच घ्या, पुढे लागेल. तुमच्या मशीनमध्ये छोटी एम.२ पट्टी असेल किंवा दोन डिस्क असतील तर ते आधी विचारून घ्या.

दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर ठेवायच्याच असतील, तर जागा मोकळी करण्याचं काम विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोपवू नका. किमान ६० जीबी काढा, १०० मिळाले तर उत्तम. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. दोन सिस्टिम एकत्र नांदत असताना विंडोजमधलं घड्याळ कधी कधी बरोब्बर साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं, म्हणून भारतात फरक साडेपाच तासांचा. मदरबोर्डचा सेल बदलायला धावू नका, तो चांगला आहे.

पेनड्राइव्ह

हे काम जुनी डिस्क काढण्याआधीच विंडोजमधून उरका, नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एक फाइल, उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते, मोबाइल डेटावर असाल तर हिशोब करा. उतरलेली फाइल पूर्ण आणि खरी आहे का हे तपासण्यासाठी साइटवर एसएचए-२५६ नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो आकडा काढता येतो. दोन्हींचे पहिले आठ-दहा आणि शेवटचे आठ-दहा अक्षर-आकडे जुळवले की नेट तुटून अर्धवट राहिलेली फाइल लगेच पकडता येते. हे पाच मिनिटांचं काम टाळू नका. मध्येच तुटलेल्या डाउनलोडमुळे इन्स्टॉल नव्वद टक्क्यांवर अडकलेलं मी पाहिलं आहे.

मग रूफस किंवा बलेनाएचर हा प्रोग्रॅम घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, आयएसओ निवडा आणि लिहायला सांगा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

लाइव्ह चालवून बघा

मिंटचं मला सगळ्यात आवडणारं वैशिष्ट्य हे की डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून ते पूर्ण चालतं. मशीन सुरू करताना बूट मेनूची की दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसवर एस्केप किंवा एफ ८. वेळ साधत नसेल तर विंडोजमधूनच शिफ्ट दाबून रीस्टार्ट म्हणा आणि 'यूज अ डिव्हाइस' मधून पेनड्राइव्ह निवडा. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून यादीतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्या, एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर हे होतं.

डेस्कटॉप आला की घाई न करता अर्धा-पाऊण तास बसा. वायफाय जोडा. यूट्यूबवर गाणं लावून आवाज ऐका. कॅमेरा उघडा. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा. फंक्शन कीने उजेड कमी-जास्त करा. झाकण मिटवून मशीन झोपतं आणि परत उठतं का ते बघा. प्रिंटर जोडा. हल्लीचे वायफाय प्रिंटर बहुतेक आपोआप दिसतात. काही जुने लेझर प्रिंटर मात्र त्यांच्या खास विंडोज ड्रायव्हरशिवाय हलत नाहीत. तुमचा तसला असेल तर ते आजच कळेल. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं सावकाश चालणार, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

वायफायच दिसत नसेल तर घाबरू नका. मोबाइल यूएसबीने जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा आणि नेट मिळवा. ड्रायव्हर नंतर घालता येतो.

इन्स्टॉल

लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका. ज्यांच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते त्यांनी गुरुवार टाळावा.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह आहे, त्यावर डबल क्लिक करा. भाषा सुरुवातीला इंग्रजीच ठेवा. पडदे मराठीत करता येतात, पण अडलात की मदत शोधताना तुमच्या पडद्यावरचे शब्द आणि मदतीतले शब्द जुळायला हवेत. कीबोर्ड इंग्रजी यूएस. मल्टिमीडिया कोडेक्सची खूण करा, नाही तर काही व्हिडिओ चालणार नाहीत. पुढचा पडदा महत्त्वाचा. एसएसडी बदलली असेल तर 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल' निवडा. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवत असाल तर 'अलाँगसाइड' हा पर्याय घ्या. पुढे जाण्याआधी काय पुसलं जाणार, काय बनणार याची यादी समोर येते. ती मोठ्याने वाचा, डिस्कचा आकार तपासा, त्यानंतरच 'कंटिन्यू'. पडद्यावर तुमची डिस्क दिसतच नसेल तर तिथेच थांबा. बायोसमध्ये ती आरएसटी किंवा रेड पद्धतीवर लावलेली असते आणि ते बदललं की जुनं विंडोज सुरू होईनासं होऊ शकतं. हे काम जाणकार शेजारी बसवूनच करा.

नकाशावर कोलकाता निवडा, आपली वेळ तीच. नाव आणि पासवर्ड द्या. हा पासवर्ड रोज लागणार आहे, प्रत्येक नवा प्रोग्रॅम टाकताना आणि अपडेट करताना. लक्षात राहील असाच ठेवा आणि डायरीत लिहा.

सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कोडेक्सच्या पडद्यावर आणखी एक पासवर्ड विचारला जाऊ शकतो. मग पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, त्यावर मॉक मॅनेजमेंट असे शब्द. लोक तो पाहून मशीन बंद करतात. तो बिघाड नाही. 'एन्रोल मॉक' निवडा, कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड, रीबूट. झालं.

पहिली संध्याकाळ

स्वागताचा पडदा येईल, त्यातल्या 'फर्स्ट स्टेप्स' क्रमाने करा. सगळ्यात आधी टाइमशिफ्ट. हा सिस्टिमची स्थिती टिपून ठेवतो. पुढे एखाद्या अपडेटनंतर काही बिनसलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. रोजचा एक आणि आठवड्याचा एक स्नॅपशॉट ठेवा. टाइमशिफ्ट तुमच्या फोटोंचा बॅकअप घेत नाही, तो फक्त सिस्टिमसाठी आहे. फोटोंसाठी बाहेरची डिस्क वेगळी.

मग अपडेट मॅनेजर, पहिल्यांदा बरंच काही उतरेल. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर, तो एनव्हिडिया किंवा वायफायचा ड्रायव्हर सुचवेल, त्यातला 'रेकमेंडेड' घ्या. फायरवॉल चालू करा. प्रोग्रॅम हवे असतील तर सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा आणि तिथूनच घ्या. विंडोजमध्ये गूगलवर शोधून पहिल्या दिसेल त्या साइटवरून सेटअप फाइल उतरवायची जी सवय असते, ती इथे सोडून द्या.

मराठी टायपिंग

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, लेआउट्सवर जा आणि अधिक चिन्ह दाबा. यादीत मराठीचे दोन प्रकार दिसतील, एक एनहान्स्ड इनस्क्रिप्ट, दुसरा कगप फोनेटिक. इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीच शिकायचं नाही, तोच सरकारी लेआउट आहे. ळ शिफ्ट आणि एन वर, ऱ शिफ्ट आणि जे वर. 'दुसऱ्या' मधला ऱ्या असा निघतो: शिफ्ट-जे, मग डी म्हणजे हलन्त, मग य ची की, मग काना. साधा र घेतलात तर 'दुसर्या' असं रफार चढलेलं रूप येतं आणि मराठी डोळ्याला ते लगेच खुपतं. भाषा बदलण्याची की लेआउटच्या पर्यायांत ठरवा, मी आल्ट आणि शिफ्ट ठेवतो.

मोबाइलसारखं रोमन अक्षरांत टाइप करून मराठी हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि त्याचा एम१७एन हा जोड घ्या. लॉग आउट करून परत या. आयबसच्या सेटिंग्जमध्ये मराठीखाली आयट्रान्स आणि फोनेटिक मिळतील. यात मोबाइलसारखे शब्द सुचवले जात नाहीत. ठरलेल्या अक्षरजोड्या असतात, चार दिवसांत हात बसतो.

आता फॉन्ट. मंगल हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट, तो इथे नसतो. मंगलमध्ये केलेली फाइल दुसऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये उघडते, मजकूर वाचता येतो पण पानं थोडी सरकतात. मी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता वापरतो, तो मोफत आहे. लिबरऑफिसच्या पर्यायांमध्ये भाषेच्या पानावर जाऊन जटिल मजकुराची भाषा मराठी करा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे आपला मराठी दिसतो, हिंदी वळणाचा नाही. आईने नव्या लॅपटॉपवर हळदीकुंकवाचं निमंत्रण लिहिलं तेव्हा तिने पहिलं वाक्य हेच म्हटलं, 'ल बरोबर आलाय.'

जुन्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेला मजकूर आत देवनागरी नसतोच. आत रोमन अक्षरं असतात, फक्त फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. फॉन्टच्या फाइलीवर डबल क्लिक करून तो लिनक्सवर बसवला तर असं लिखाण वाचता आणि छापता येतं. पण त्यात नवीन टाइप करायचा प्रोग्रॅम विंडोजचा असतो, तो इथे चालणार नाही. संस्थेची वीस वर्षांची इतिवृत्तं अशा फाइलींत असतील तर विंडोजवर असतानाच ती युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलून घ्या. जोडाक्षरं तपासायला एक माणूस बसवा, बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडे-तिकडे होतात.

सवयीत बदलणाऱ्या गोष्टी

सी आणि डी ड्राइव्ह शोधू नका. तुमचं सगळं 'होम' मध्ये आहे. पेनड्राइव्ह काढताना इजेक्ट म्हणा आणि काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसली तरी शेवटचा डेटा अजून मेमरीतून उतरत असतो. फोटो स्टुडिओत नेलेला पेनड्राइव्ह रिकामा निघाला की बहुधा हेच झालेलं असतं. दुसऱ्याला कागद पाठवताना पीडीएफ करून पाठवा, लिबरऑफिसमध्ये त्याचं बटण वरच आहे.

अडलात तर सिस्टिम इन्फर्मेशनमधून (आधीच्या आवृत्त्यांत सिस्टिम रिपोर्ट्स) तुमच्या मशीनची माहिती कॉपी करा आणि प्रश्नाबरोबर ती द्या. 'वायफाय चालत नाही' एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. कार्डाचं नाव दिलंत तर उत्तर त्याच दिवशी मिळतं. पुण्यात असाल तर पुणे लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी आहेत. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नका. या लेखातल्या एकाही कामाला टर्मिनल लागलेलं नाही.

जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीला लावली की तिच्यातले फोटो आणि फाइली थेट उघडतात, हवं तेव्हा हवं ते काढून घ्या. पण तिच्यावर अजून काही लिहू नका आणि तिला फॉरमॅटही करू नका. एक आर्थिक वर्ष पूर्ण जाऊ द्या. मार्चअखेर, शाळेचे फॉर्म, दिवाळी, विवरणपत्र असं सगळं नव्या सिस्टिमवर एकदा पार पडलं आणि त्या डिस्कची एकदाही गरज लागली नाही, की मग तिच्यावर 'फोटो बॅकअप' अशी चिठ्ठी चिकटवा.